वाचक विचारतात: रस्सा पातळ, रस्सा फुटला, रस्सा कडू

१ जूनला होड्या वर ओढल्या गेल्या, मासळी बंद झाली, म्हणजे आता अंडी, काळे वाटाणे, सुकट आणि कोंबडी यांच्यावर दिवस काढायचे आणि हे सगळं घरात खपतं ते रश्श्याच्या जोरावर. त्यामुळेच असेल, पण या वेळची तुमची पत्रं उघडली तर सगळी त्याच विषयावर. वाचून मला जे दिसलं ते आधीच सांगते, बहुतेकांचं सामान बरोबर आहे, मसालाही चांगला आहे, गडबड होतेय ती आचेची आणि क्रमाची. कुठली वस्तू कधी पडते आणि गॅस कधी बारीक होतो, एवढंच.

प्रश्न: काकी, मी कुडाळचा, रत्नागिरीत नोकरीला आहे. रूमवर एक शेगडी, एक टोप आणि छोटा मिक्सर. आईने मालवणी मसाला बांधून दिलाय. अशी एकच ग्रेव्ही सांगा की त्यात अंडं पण चालेल आणि चिकन पण. माझी लाल पाण्यासारखी होते. व्हिडिओ बघून टोमॅटो प्युरी घातली, क्रीम घातलं, तरी तेच.

अरे बाळा, आईचा मालवणी मसाला घरात असताना क्रीम कशाला आणलंस? मला सांग, तू कांदा गुलाबी झाला की गॅस बंद करतोस ना? तिथेच तुझं लाल पाणी होतं. दोन मध्यम कांदे उभे चिर, टोपात चमचाभर तेल घाल आणि मध्यम आचेवर १०-१२ मिनिटं परतत बस, मोबाइल बाजूला ठेवून. कांद्यातलं पाणी जाऊन तो चांगला तांबूस तपकिरी व्हायला हवा, कडा जरा काळपट झाल्या तर चालतील पण पूर्ण काळा नको. तो ताटलीत काढ आणि त्याच टोपात अर्धी वाटी किसलेलं सुकं खोबरं टाक, इथे मात्र गॅस बारीक, कारण खोबरं दोन-तीन मिनिटांत रंग बदलतं आणि तू मीठ कुठे ठेवलंय ते शोधेपर्यंत जळतं. शेवटी एक चमचा धणे, अर्धा चमचा बडीशेप, सहा-सात लसूण पाकळ्या आणि इंचभर आलं, हे सगळं त्याच गरम टोपात एक मिनिट. मग थंड होऊ दे. गरमच मिक्सरला लावलंस तर वाफेने झाकण उडतं आणि भिंत पुसायला लागते. थोडं थोडं पाणी घालून वाट, बोटांत धरून बघ, रवाळ लागता कामा नये.

आता खरं काम. टोपात दोन मोठे चमचे तेल, गॅस बारीक, दोन चमचे मसाला आणि लगेच वाटण. लगेच म्हणजे लगेच, वाटण हातात तयार ठेवूनच मसाला टाकायचा, कारण तिखट तेलात काही सेकंदांत करपतं. मग सहा-आठ मिनिटं परत, कडेने तेल सुटेपर्यंत. हे तेल सुटेपर्यंत सगळेच म्हणतात पण का ते कोणी सांगत नाही. वाटणात पाणी आहे तोवर ते १०० अंशाच्या फार वर तापूच शकत नाही, म्हणजे ते उकडत असतं, तळलं जात नसतं. पाणी आटलं की तेल वेगळं दिसायला लागतं आणि तिथून कच्चा वास जाऊन चव चढते. तू बहुतेक वाटण टाकून एका मिनिटात पाणी ओततोस. तसं करायचं नाही आणि पाणी घालायचं ते गरम, तीन वाट्या, त्यातच मिक्सरचं भांडं विसळून घे. एक उकळी येऊ दे, मग बारीक आचेवर दहा मिनिटं. शेवटच्या पाच मिनिटांत तीन-चार आमसुलं.

अंडी असतील तर उकडून, चिरा देऊन शेवटी सोड. चिकन असेल तर अर्धा किलो, वाटणाला तेल सुटलं की ते टाकून परतायचं आणि झाकण ठेवून २५-३० मिनिटं, पाणी मात्र दीड वाटीच, कारण कोंबडी स्वतः पाणी सोडते. मालवणी मसाल्यात खडा मसाला आधीच असतो, वरून गरम मसाला नको. आणि टोमॅटोबद्दल माझं मत विचारशील तर नको, आंबटपणाला आमसूल आहे ना.

प्रश्न: काकी, बंदीच्या आधीची शेवटची सुरमई मिळाली म्हणून नणंदेला जेवायला बोलावलं आणि नेमकं नारळाचं दूध फुटलं. वर तेल, खाली पाणी, मध्ये दह्यासारखे कण. नारळ ताजा होता, दूध घरीच काढलं होतं. पाकिटातलं दूध कधी फुटत नाही, मग घरचं का? (वेंगुर्ल्याहून)

अगं, नणंदेसमोरच फुटायचं होतं ते. नारळाला दोष देऊ नकोस. नारळाचं दूध म्हणजे पाण्यात पसरलेले तेलाचे बारीक थेंब, आणि ते थेंब एकमेकांपासून लांब ठेवतात ती नारळातली प्रथिनं. खळखळून उकळलं की ही प्रथिनं आकसून गोळा होतात, थेंब मोकळे सुटतात, आणि तुला वर दिसलं ते तेच तेल. त्यात आंबट पडलं की आणखी लवकर होतं. पाकिटातल्या दुधात ते टिकावं म्हणून घट्टपणा धरणारे पदार्थ घातलेले असतात, त्यामुळे ती तुलनाच नको.

मग करायचं काय, तर दूध दोनदा काढ. एका नारळाच्या खवलेल्या खोबऱ्यात अर्धी वाटी कोमट पाणी घालून पहिलं घट्ट दूध काढून बाजूला ठेव, मग त्याच चोथ्यात दीड-दोन वाट्या पाणी घालून दुसरं पातळ दूध. सगळा स्वयंपाक दुसऱ्या दुधात. त्यातच वाटण, हळद, मीठ, आमसुलं, ते उकळू दे, फुटायचं तर थोडं फुटेल, पातळ असल्यामुळे काही कळत नाही. मग तुकड्या सोड, पाच-सात मिनिटं पुरे, आणि डाव घालून ढवळू नकोस, दोन्ही हातांनी टोप धरून गोल हलव म्हणजे मासा मोडत नाही. आता गॅस एकदम बारीक कर आणि पहिलं दूध कडेकडेने सोड, नुसतं गरम झालं, कडेला बुडबुडे येतील असं वाटलं की बंद. झाकण लगेच ठेवू नकोस, आतली उष्णता कोंडते.

आता तू म्हणशील सोलकढीत आमसूल आणि दूध एकत्रच असतं, तिथे का नाही फुटत? तर सोलकढी गॅसवर चढतच नाही, म्हणून.

आणि फुटलंच तर फेकू नका रे कोणी, खायला ते चांगलंच असतं, फक्त दिसायला वाईट. मासे अलगद ताटात काढायचे, चमचाभर तांदळाचं पीठ गार पाण्यात कालवून रश्श्यात घालायचं आणि मंद आचेवर ढवळत राहायचं, बरंचसं सावरतं.

प्रश्न: मी गुहागरचा निवृत्त शिक्षक. पत्नी मुलाकडे गेल्यामुळे सध्या स्वयंपाक शिकतो आहे. काळ्या वाटाण्याची आमटी करतो तेव्हा वाटाणे एकीकडे आणि पाणी एकीकडे राहते. बेसन लावले तर पिठल्यासारखी चव येते. आम्ही मांसाहार करीत नाही.

गुरुजी, तुम्ही शिकताय याचंच मला फार कौतुक वाटलं. बेसन अजिबात नको. वाटाणे रात्री भिजवा, निदान आठ-दहा तास, काळा वाटाणा हट्टी असतो. भिजवलेलं पाणी टाका, नवीन पाण्यात चिमूटभर मीठ घालून कुकरला पाच-सहा शिट्ट्या, वाटाणा बोटाने चेपला गेला पाहिजे. शिजवलेलं पाणी मात्र टाकू नका, रंग आणि चव त्यातच उतरलेली असते आणि बरेच लोक नेमकं तेच मोरीत ओततात. आता पळीभर शिजलेले वाटाणे बाजूला काढा आणि वर त्या कुडाळच्या मुलाला सांगितलंय तसं भाजलेलं वाटण करताना त्यातच वाटून घ्या. वाटाण्यातला स्टार्च आमटीला धरून ठेवतो आणि चव वाटाण्याचीच राहते. कांदा-लसूण चालत नसेल तर खोबरं, धणे, मिरी एवढंच भाजून वाटा, थोडी वेगळी होते पण वाईट नाही. सोबत आंबोळ्या मिळाल्या तर बघा.

प्रश्न: काकी, बांगड्याचं कालवण कडू झालं. सासूबाई म्हणतात तिरफळं जास्त झाली, मी म्हणते खोबरं खवट होतं. कोण बरोबर? (देवगड)

हे तर भांडण मिटवायचं काम. तिरफळाच्या आतली काळी बी काढली होतीस का? ती कडवट असते, वापरायची ती वरची साल. बांगड्याच्या टोपाला सहा-सात तिरफळं पुरतात, जराशी ठेचून थेट कालवणात टाकायची, वाटणात घालून वाटायची नाहीत, नाहीतर जिभेला मुंग्याच मुंग्या. खवट खोबरं हे वेगळं प्रकरण, त्याला कडूपेक्षा जुन्या तेलाचा वास येतो, वाटण्याआधी नुसतं चावून बघितलं तरी कळतं. तिसरा संशयित कोणीच सांगत नाही, तो म्हणजे करपलेली लसूण. तुम्ही दोघी आधी ती बी बघा, मग ठरवा. मी कोणाच्याच बाजूने नाही.

प्रश्न: ताई, आमचं तारकर्लीला होमस्टे आहे. मागच्या सीझनला परदेशी जोडपं आलं होतं, त्यांनी भाजलेल्या कोंबडीबरोबर ग्रेव्ही मागितली, मी मालवणी रस्सा वाटीत दिला. त्यांनी तो उकडून कुस्करलेल्या बटाट्यावर ओतला आणि पाणी पीत पीत संपवला. त्यांची ग्रेव्ही कशी करतात ते सांगा, परत कोणी आलं तर.

वाटी संपवली म्हणजे तुमचा रस्सा पासच झाला म्हणायचा. त्यांची ग्रेव्ही साधी असते, गॅसवर पंधरा मिनिटांत होते. मिरचीचा पत्ता नाही, सगळी चव कोंबडी भाजताना भांड्याला जो रस आणि चरबी चिकटते त्याची. कोंबडी काढून घ्या, ते भांडं बारीक गॅसवर ठेवा, त्यातली दोन टेबलस्पून चरबी राहू द्या, कमी पडली तर बटर. त्यात दोन टेबलस्पून मैदा घालून तीन-चार मिनिटं परता, बिस्किटासारखा वास येईपर्यंत, नाहीतर कच्च्या पिठाची चव राहते. मग हाडांचं गरम पाणी, म्हणजे हाडं तासभर मंद उकळून गाळलेलं, सव्वा ते दीड कप, पण एकदम ओतायचं नाही. आधी पळीभर घालून पूर्ण मिसळून घ्या, मग दुसरी पळी. ढवळायला ताक घुसळायची छोटी रवी घ्या, त्यांच्या त्या तारेच्या चमच्याइतकीच चालते. भांड्याला चिकटलेलं सगळं खरवडून त्यात येऊ द्या. पाच मिनिटं मंद उकळली की मीठ, मिरपूड, झालं. गुठळ्या राहिल्या तर चहाच्या गाळणीतून गाळा, कोणाला कळणार नाही.

एक लक्षात ठेवा, मैदा जितका गडद भाजाल तितका रंग छान येतो पण दाटपणा कमी होतो, तेव्हा काळपट करायचा असेल तर मैदा थोडा वाढवा. आणि गार झाली की ती आणखी घट्ट होते, म्हणून गॅसवर असताना जरा पातळ वाटली तरी घाबरून अजून पीठ घालू नका. घाईच्या वेळी कॉर्नफ्लोअर चालतं, पण ते गार पाण्यात कालवून, गरमात कोरडं टाकलं की गोळे.

प्रश्न: रस्सा खारट झाला तर बटाटा टाकल्याने मीठ ओढलं जातं हे खरं का? आणि आमच्याकडे पावसात लाइट सारखी जाते, वाटण किती दिवस टिकतं? (लांजा)

बटाटा खारट पाणी पितो, त्यातलं नुसतं मीठ वेचून काढत नाही, म्हणजे उरलेला रस्सा तितकाच खारट आणि वर बटाटाही खारट. त्यापेक्षा बिनमिठाचं वाटण किंवा नारळाचं दूध वाढवा. आणि मुळात आमसुलं घातल्यावरच मीठ चाखून घाला, बऱ्याच घरी ती मीठ लावून वाळवलेली असतात, खारटपणा तिथूनच येतो आणि शिव्या खातो मिठाचा डबा.

वाटणाचं म्हणाल तर ओल्या खोबऱ्याचं फ्रीजमध्येही एक-दोन दिवसच धरा, लाइट चार-चार तास जात असेल तर तेही नको, रोजचं रोज वाटा. सुक्या खोबऱ्याचं भाजलेलं, पाणी घालून वाटलेलं, फ्रीज नीट चालत असेल तर तीन-चार दिवस. पण पावसाळ्यात सगळ्यात बरं म्हणजे कांदा बाजूला ठेवून खोबरं, धणे, बडीशेप कोरडंच भाजून, पूर्ण गार करून, पाण्याचा थेंब न लावता भरड करून घट्ट झाकणाच्या बरणीत भरायचं, आठ-दहा दिवस बाहेर चांगलं राहतं. चमचा कोरडा हवा. करायच्या वेळी फक्त कांदा भाजायचा आणि दोन्ही एकत्र वाटायचं, त्याला लाइट पाच मिनिटं आली तरी पुरते, आणि नाहीच आली तर पाटा-वरवंटा आहेच.