जर्मनीत विंटर टायर नेमके कधी बसवायचे? बर्फ पडेपर्यंत थांबलं तर चालेल का?

नाही, बर्फाची वाट बघत बसू नका. तुम्ही लिहिलंय की म्युनिकला नवीन आहात, सेकंड हँड गाडी घेतलीय, ऑफिसला यू-बानने (मेट्रोने) जाता आणि गाडी फक्त वीकेंडला निघते, मग घाई कशाला. पण वीकेंडला जाणार कुठे, तर डोंगराकडेच ना, गार्मिश, टेगर्नझे नाहीतर थेट ऑस्ट्रिया! म्हणजे शहरातल्या शहरात रोज गाडी चालवणाऱ्याच्या आधी तुम्हालाच टायर लागणार.

नियमाबद्दल आपल्या लोकांत फार गोंधळ आहे. जर्मनीत अमुक तारखेपासून विंटर टायर लावा असं काही नाहीये. रस्त्यावर बर्फ असेल, बर्फाचा चिखल असेल किंवा पाणी गोठून निसरडं झालेलं असेल तर त्या वेळी गाडी चालवायला विंटर टायर पाहिजेत, मग महिना कुठलाही असो. नसले तर 60 युरो दंड आणि फ्लेन्सबुर्गला (तिथे चालकांच्या चुकांची सरकारी नोंद असते) 1 पॉइंट, तुमच्यामुळे रस्ता अडला की दंड वाढतो, आणि कुठे ठोकलीत तर इन्शुरन्सवाले फाटे फोडायला मोकळे. नुसती पार्क केलेली गाडी असेल तर कोणी काही विचारत नाही. ऑस्ट्रियात मात्र 1 नोव्हेंबर ते 15 एप्रिल असा काळ ठरलेला आहे (तिथेही रस्त्याची अवस्था तशी असेल तरच) आणि टायरची नक्षी निदान 4 मिलिमीटर खोल लागते, जर्मनीत कायद्याने 1.6 वर भागतं.

आता कधी बसवायचे. इथली माणसं ऑक्टोबर ते ईस्टर असा साधा हिशोब ठेवतात, तो आपल्याला पुरेसा आहे. 7 डिग्रीच्या खाली गेलं की बदला असंही सगळे सांगतात, पण ती काही लक्ष्मणरेषा नाही, कोरड्या रस्त्यावर 5 डिग्रीलाही चांगला समर टायर ब्रेक नीट मारतो. थंडीत त्याचं रबर हळूहळू कडक होत जातं आणि पकड कमी होते, पण खरी फजिती होते ती ओल्या बर्फावर, कारण विंटर टायरच्या ठोकळ्यांवर ज्या बारीक बारीक चिरा असतात ना, त्या बर्फाला धरतात आणि समर टायरला तेवढ्या चिरा नसतातच. म्हणून दुपारचं ऊन बघून ठरवू नका, तुम्ही पहाटे निघता आणि रात्री परतता तेव्हाचं तापमान बघा.

पण माझ्या मते तारीख हवामान ठरवतच नाही, गॅरेजची अपॉइंटमेंट ठरवते. पहिला बर्फ पडला की सगळं शहर एकदम जागं होतं, पहिल्या पावसात छत्री दुरुस्तीवाल्याकडे उडते तशी झुंबड, आणि मग दोन-तीन आठवडे नंबर लागत नाही. सप्टेंबरमध्येच फोन करून ऑक्टोबरच्या मधली वेळ घेऊन टाका.

गाडी सेकंड हँड आहे तर आधी जुन्या मालकाला दुसरा सेट आहे का ते विचारा, बऱ्याचदा रिमसकट तळघरात पडलेला असतो. मिळाला तर टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण असं चिन्ह आहे का बघा, नुसतं एम प्लस एस (M+S, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं ऑक्टोबर 2024 पासून चालत नाही. मग टायरवरच्या डॉट (DOT) नंबरचे शेवटचे चार आकडे बघा, त्यावरून टायर कधी बनला ते कळतं, 3519 म्हणजे 2019 चा 35 वा आठवडा. आणि 2 युरोचं नाणं नक्षीच्या खाचेत उभं घाला, बाहेरची चंदेरी कड पूर्ण आत गेली तर 4 मिलिमीटर आहे, कड दिसत राहिली तर डोंगरात नेऊ नका, दुसरे घ्या. दुसरा सेट ठेवायला जागाच नसेल तर त्याच डोंगराच्या चिन्हाचे ऑल सीझन कायद्याला चालतात, शहरापुरतं ठीक आहे, पण दर शनिवारी आल्प्समध्ये जाणाऱ्याला मी ते सांगणार नाही.

बसवून आणल्यावर 50 ते 100 किलोमीटर झाले की चाकांचे नट परत आवळून घ्या, गॅरेजवाले बिलावर लिहून देतात पण कोणी वाचत नाही. हवाही थंडीत चेक करत राहा, 10 डिग्री उतरलं की साधारण 0.1 बार कमी होते. आणि काढायची घाई ईस्टर लवकर आला म्हणून करू नका, तो मार्चमध्येही येतो आणि म्युनिकला एप्रिलमध्येही बर्फ पडतो.