आधी पाण्याची वाट, मग वाचनालय

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला वाचनालयाचा आराखडा निवांत पाहिला. इमारत छान बसली आहे, वाचनकक्षाच्या खिडक्या उत्तरेला घेतल्यास हे तर फारच आवडलं. पण आवाराचा कागद उघडला आणि मन खट्टू झालं. हिरवळ, पेव्हर ब्लॉक, फाटकापासून दारापर्यंत रॉयल पामची रांग! असं आवार नाशिकलाही चाललं असतं. तुझी जागा रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या उतारावर आहे. तिथे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत.

वरच्या सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून येणारा पऱ्ह्या, तो पावसाळी ओढा, तुझ्या नकाशात वाहनतळाखाली गडप झालाय. त्याला पाइपात कोंबू नकोस. पालापाचोळा अडकला की पाणी थेट पुस्तकांच्या दाराशी येईल. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं. २००५ आणि २०२१च्या पुरांत तिथल्या ग्रंथांचे काय हाल झाले ते आठव. पऱ्ह्या उघडाच राहू दे. दोन्ही अंगांना जांभ्या दगडाचे गडगे, म्हणजे बुटक्या भिंती घाल आणि येण्याजाण्यापुरता साकव, छोटा पूल टाक. शाळा सुटल्यावर पोरं त्या साकवावर रेंगाळतील, आणि मला वाटतं वाचनालयाची गोडी तिथूनच लागेल.

मागची दरड उभी कापायचा विचार सोड. पाणी जांभ्यातून झिरपतं, खालच्या चिकणमातीच्या थरावर अडतं आणि मग वरचं सगळं त्या थरावरून घसरतं. टप्पे पाड, आणि गडगे सिमेंटशिवाय रच म्हणजे पाण्याला फटींतून वाट मिळेल.

भिंतीला लागून फुलझाडांचे वाफे अजिबात नकोत. रोजच्या शिंपण्याने भिंत ओली राहते आणि ओलीमागून वाळवी येते, ती कपाटापर्यंत. पागोळ्या पडतात तिथे मातीत खळगे होऊन चिखल भिंतीवर उडतो, म्हणून त्या रेषेत खडी भरलेला चर घे आणि त्याचा उतार पऱ्ह्याकडे ने.

झाडांचं म्हणशील तर पामच्या जागी बकुळ आणि सुरंगी लाव. खाडीच्या अंगाला उंडी, ती खारा वारा सोसते. माड हवेच असतील तर कुंपणाकडे. बाकावर वाचत बसलेल्या माणसाच्या डोक्यावर नारळ किंवा झाप पडता कामा नये.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. सकाळी पेपर वाचायला येणारी म्हातारी माणसं तुझ्या नकाशात कुठेच दिसत नाहीत. जोतं ६० सेंटिमीटर उंच आहे, म्हणजे १:१२ च्या उताराला ७.२ मीटर लांबीचा रॅम्प लागेल. त्यावर छप्पर हवंच. जांभ्यावर जुलैत शेवाळ धरतं, म्हणून फरशी खरबरीत घडवून घे आणि कठडा दोन्ही बाजूंना दे. दाराबाहेर ऐसपैस पडवी ठेव: पाय धुवायला नळ, ओल्या छत्र्या टांगायला दांडी, चपलांना फळी आणि भिंतीच्या कडेने बसायला कट्टा. या पडवीसाठी आत एक कपाट कमी झालं तरी चालेल, पण ती कापू नकोस.

जुलैत भर पावसात साइटवर जा. पाणी कुठून येतं, कुठे साचतं तिथे बांबूच्या खुंट्या ठोक आणि त्यावरून नवा कागद काढ. गणपतीला मी गावी येतोय, तेव्हा दोघं मिळून जागेवर फिरू.