तांब्यावरचे नाव खोडायचे का?

चि. मनू हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बुधवारी तुम्ही सगळे गोव्यातल्या हणजूणच्या बाजारात गेलात, तेथे आजीने एक जुना पितळी तांब्या घेतला, आणि घरी आल्यावर त्याच्या काठाखाली कोणा परक्या बाईसाठी कोरलेला मजकूर तुला दिसला. तो खोडून टाकू या असे तू म्हणालीस, त्याला आजीने साफ नकार दिला. पण त्याच आजीने बाजारात तुला आवडलेले जुने जाकीट काही घेऊ दिले नाही. दुसऱ्याचे कपडे चालत नाहीत आणि दुसऱ्याचे नाव चालते, हे कसे, असे तू विचारले आहेस. फोनवर घाईघाईने सांगून हे नीट कळणार नाही, म्हणून लिहिते आहे.

तू पाठवलेल्या छायाचित्रात मूळ नाव झिजून गेले आहे, परंतु ‘हिस मामाकडून सप्रेम भेट, शके १८७५’ एवढे स्पष्ट वाचता येते. अक्षरे सलग रेघांची नाहीत, बारीक ठिपक्यांची आहेत, कारण लहान छिन्नीवर हातोडीचा एकेक ठोका देत ती उमटवलेली असतात. आकडा पाहून तांब्या १८७५ सालचा असावा असे तुला वाटले, पण तो शालिवाहन शकाचा आकडा आहे. त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो (जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत ७९ मिळवावे लागतात), म्हणजे ही भेट १९५३-५४ मधली ठरते. गोवा मुक्त झाला तो १९ डिसेंबर १९६१ रोजी. तेव्हा हा तांब्या गोव्यातल्याच घरातला असेल, तर सरकारी कारभार पोर्तुगीज भाषेत चालत असताना त्या मामाने भाचीसाठी हा मजकूर मराठीत कोरून घेतला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

भांड्यांवर नाव घालण्याचे एक कारण अगदी व्यवहारी होते. लग्नकार्यात आणि पंगतींना शेजारीपाजाऱ्यांची भांडी मागून आणत, आणि कार्य उरकल्यावर कोणाचे पातेले कोणाचे हे नावावरूनच कळे. दुसरे कारण मायेचे. मुलगी सासरी जाताना माहेरची माणसे जी भांडी देत, त्यांवर तिचे नाव आणि देणाऱ्याचे नाते कोरलेले असे, त्यामुळे भरल्या स्वयंपाकघरातही ती तिची म्हणून ओळखता येत. पुढे कधी हात तंगीत आला किंवा स्टीलची भांडी घरात आली, की जुने पितळ मोडीत जाई, आणि मोडीत फक्त वजनाचे पैसे मिळतात. मामाच्या प्रेमाचा भाव तेथे कोणी करीत नाही. तो मजकूर खोडला, तर त्या मामाची भेट आपल्याच हातून पुसली जाईल. आजीचा नकार या कारणासाठी आहे, आणि तो मला पूर्णपणे पटतो. आपल्या घरच्या मोठ्या घंगाळ्यावर पणजीच्या नावाखाली आजीचे नाव आहे, ते एकदा जवळून पाहा. तुला तांब्यावर नाव हवेच असेल, तर ते असेच खाली घालावे.

कपड्यांची गोष्ट वेगळी आहे. धातूचे भांडे घासून, तापवून पुन्हा नव्यासारखे होते, पण अंगावरचे वस्त्र आपल्याकडे रक्ताच्या आणि मायेच्या माणसांतच फिरते. तू जन्मलीस तेव्हा तुझी पहिली अंगडी-टोपडी आजीच्या मऊ झालेल्या जुन्या सुती लुगड्याची शिवली होती, आणि तू पांघरतेस ती गोधडीही तिच्याच लुगड्यांची आहे. जुने कपडे बोहारणीला देऊन तिच्याकडून भांडी घेणाऱ्या आजीला तेच कपडे पैसे मोजून घरात आणणे कसे रुचावे? तरीही या बाबतीत मी तुझ्या बाजूची आहे: जाकीट धुता येते. शिवाय तो बाजारच मुळी १९७० च्या दशकात, तेथे राहिलेल्या हिप्पींनी खर्चापाण्यासाठी स्वतःचे कपडे आणि वस्तू विकायला काढल्या, त्यातून उभा राहिला. इकडे लिस्बनमध्ये मंगळवारी आणि शनिवारी भरणाऱ्या फेइरा दा लाद्रा या जुन्या बाजारातही माणसे वापरलेले कपडे निःसंकोच घेतात. हे आजीला सांग, पण वाद घालू नकोस. तिचा संकोच तिच्या वळणातून आलेला आहे.

आता तांब्याची काळजी. चिंच आणि मीठ लावून तो बाहेरून उजळेल, मात्र आतून कळई केल्याशिवाय त्यात ताक किंवा आंबट काही ठेवू नये, कारण आंबटाने पितळ कळकते. कळईवाला मिळाला तर त्याच्यासमोर बसून पाहा: तो भांडे तापवतो, आत नवसागर टाकतो, पांढरा धूर निघतो, मग कथिल लावून कापसाच्या बोळ्याने झरझर फिरवतो आणि क्षणात काळपट पितळ आतून रुपेरी होते. धुरापासून जरा लांब बस.

घासताना तांब्या उलटा करून तळही पाहा. जुन्या भांड्यांच्या तळाशी कधी कधी वजन कोरलेले असते, कधी गळती बंद करण्यासाठी दिलेला डाग असतो. काही सापडले तर छायाचित्र पाठव, आणि तांब्या हाती घेऊन आजीने तो विकत घेण्याआधी काय काय तपासले, तेही तिला विचारून मला लिही.

तुझी आई