मल्टिप्लाय, स्क्रीन, ओव्हरले: कुठला कधी लावायचा?

फोटोशॉपमध्ये एकेक ब्लेंडिंग मोड (वरचा लेयर, म्हणजे चित्राचा थर, खालच्या थरात कसा मिसळायचा ते ठरवणारी सेटिंग) लावून बघायचा आणि बरा दिसेल तो ठेवायचा, यापलीकडे काही नियम आहे का, असं तुम्ही विचारलंय. आहे की! ठाण्यात स्टेशनजवळ मी पत्रिका आणि फ्लेक्सची डिझाइनं करतो. पहिली दोन वर्षं माझंही असंच अंदाजपंचे चाललं होतं.

आत चालतं ते साधं गणित. काळा म्हणजे ०, पांढरा २५५. मल्टिप्लाय वरच्या आणि खालच्या पिक्सेलचा गुणाकार करून २५५ने भागतो. वर २००, खाली १०० असेल तर उत्तर ७८, म्हणजे दोघांहून गडद. स्क्रीन हेच गणित उलट्या आकड्यांवर, म्हणजे २५५मधून वजा करून आलेल्या आकड्यांवर करतो आणि उत्तर पुन्हा उलटवतो, त्यामुळे तिथे २२२ येतं. सगळे मोड पाठ करत बसू नका. कुठला रंग गायब होतो तेवढं लक्षात ठेवा: मल्टिप्लायमध्ये पांढरा, स्क्रीनमध्ये काळा, ओव्हरले आणि सॉफ्ट लाइटमध्ये मधला करडा.

मरून पत्रिकेवर पांढऱ्या बॅकग्राउंडचा सोनेरी लोगो मी एकदा मल्टिप्लायने बसवला. पांढरं गेलं खरं, पण सोनंही काळवंडलं. मल्टिप्लाय कधीच उजळ करत नाही, हे तेव्हा डोक्यात शिरलं. तिथे लोगो कापूनच घ्यावा लागतो.

स्क्रीनची गंमत वेगळी. दिवाळीत तलावपाळीला काढलेले फटाके जोडप्याच्या फोटोवर टाकले, तर सगळ्या फोटोवर पांढुरका पडदा आला. डोळ्यांना काळं दिसणारं आकाश आयड्रॉपरने (रंगाचे आकडे दाखवणाऱ्या टूलने) तपासलं तर आकडे तिशीच्या घरात! शहरातल्या दिव्यांची कृपा. लेव्हल्समध्ये (उजेड-अंधार जुळवायच्या खिडकीत) काळा स्लायडर थोडा आत ढकलून आकाश शून्यावर आणलं आणि पडदा गेला, ठिणग्या तेवढ्या उरल्या.

चेहऱ्यावरची सावली उजळायला पन्नास टक्के करड्याने, म्हणजे त्याच मधल्या करड्याने भरलेला लेयर सॉफ्ट लाइटवर ठेवा आणि त्यावर पांढरा ब्रश फिरवा, ओपॅसिटी दहाच्या आत. मूळ फोटोला धक्का लागत नाही. आजोबांचा कृष्णधवल फोटो रंगवायचा असेल तर कलर मोड. बाकीचे मला वर्षातून एखाद्या वेळी लागतात.

आणि मेन्यू उघडत बसू नका. मूव्ह टूल घेऊन शिफ्ट आणि प्लस दाबत राहा, मोड आपोआप पुढे सरकतात. ब्रश हातात असेल तर मात्र लेयरचा नाही, ब्रशचाच मोड बदलतो.