सुई हाती घेण्यापूर्वी

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद.

चेहऱ्यावरील, शस्त्रक्रियेविना होणाऱ्या सौंदर्य-उपचारांचे प्रशिक्षण सुरू करत असल्याचे तुझे पत्र मिळाले. कोणत्या जागी किती औषध द्यावे, नाकाला आकार देणारे फिलर, म्हणजे त्वचेखाली भरायचे जेल, कधी शिकावे, असे बरेच विचारले आहेस. मात्र काही बिघडले तर काय करायचे, याविषयी एकही प्रश्न त्यात नाही. माझ्या मते शिकण्याचा क्रम नेमका उलटा असावा. ज्या उपचाराची गुंतागुंत तुला ओळखता येत नाही आणि आटोक्यात आणता येत नाही, तो उपचार कितीही सोपा दिसला तरी तू करू नयेस.

सुरकुत्या घालवण्यासाठी टोचतात त्या बोटुलिनम टॉक्सिनबद्दल थोडक्यात लिहितो. मज्जातंतूकडून स्नायूला मिळणारा संदेश ते रोखते. परिणाम काही दिवसांत दिसू लागतो, साधारण दोन आठवड्यांत पूर्ण होतो आणि ३ ते ४ महिन्यांत ओसरतो. डोकेदुखी आणि काळेनिळे डाग नेहमीचेच. भुवयांमध्ये दिलेले औषध पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पसरले, तर पापणी खाली येते. ती काही आठवड्यांत पूर्ववत होते, पण तोवर रुग्णाची समजूत घालण्याचे काम तुझेच असते. एका कंपनीचे युनिट, म्हणजे मात्रेचे माप, दुसऱ्या कंपनीच्या युनिटाइतके धरू नकोस. मायस्थेनिया ग्रेव्हिस (स्नायू दुबळे करणारा आजार) असलेल्यांना, गरोदर आणि स्तनदा स्त्रियांना हे औषध देऊ नये. आणि उपचारानंतर गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर रुग्णाने थेट रुग्णालय गाठावे, हे आधीच सांगून ठेवावे.

फिलरविषयी मात्र विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण इथे चूक झाल्यास वाट पाहून भागत नाही. भुवयांमधील जागा, नाक, कपाळ आणि नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे जाणारी घडी, या भागांतील धमन्या डोळ्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीशी जोडलेल्या असतात. सुईचे टोक धमनीत असताना जोराने दाब दिला, तर जेल रक्तप्रवाहाच्या उलट दिशेने मागे सरकते आणि दाब सुटताच प्रवाहाबरोबर दृष्टिपटलाच्या धमनीत शिरते. अशा वेळी क्षणात दृष्टी जाऊ शकते आणि गेलेली दृष्टी क्वचितच परत येते. दृष्टी वाचली, तरी त्वचेचा रक्तपुरवठा तुटून तो भाग मरू शकतो.

त्वचा अचानक पांढरी पडणे, जाळीसारखी निळसर नक्षी उमटणे, बोटाने दाबून सोडल्यावर रंग परतायला उशीर होणे आणि टोचण्याच्या मानाने फार जास्त वेदना होणे, ही लक्षणे तोंडपाठ असू देत. बऱ्याच फिलरमध्ये लिडोकेन हे बधिर करणारे औषध मिसळलेले असते, त्यामुळे वेदना जाणवली नाही म्हणून निश्चिंत होऊ नकोस. नव्या डॉक्टरांचा सर्वांत जास्त घोळ होतो तो ही जाळी आणि साधा काळानिळा डाग यांत. शंका आली की ती जाळीच आहे असे धरून चालावे. टोचणे तत्काळ थांबवावे, आणि फिलर हायलुरोनिक आम्लाचे असेल तर ते विरघळवणारे औषध हायलुरोनिडेज भरपूर मात्रेत, रक्तपुरवठा परत दिसेपर्यंत पुन्हा पुन्हा द्यावे. कॅल्शियम हायड्रॉक्सिलअ‍ॅपेटाइट किंवा पॉली-एल-लॅक्टिक आम्ल यांचे फिलर हायलुरोनिडेजने विरघळत नाहीत, म्हणून सुरुवातीची काही वर्षे तरी तू त्यांच्या वाटेला जाऊ नयेस. कॅन्युला, म्हणजे बोथट टोकाची बारीक नळी, थोडे थोडे जेल आणि संथ हात यांनी धोका घटतो; सिरिंज मागे ओढून रक्त आले नाही, एवढ्याने मात्र सुई धमनीबाहेर आहे हे सिद्ध होत नाही.

फिलरच्या गाठी आणि सूज महिन्यांनंतरही येऊ शकते, कधी एखाद्या संसर्गानंतर किंवा लसीनंतर. म्हणून कोणते फिलर, किती, कुठे आणि कोणत्या बॅचचे, याची नोंद कायम जपावी.

लेझर आणि केमिकल पील (रसायनाने त्वचेचा वरचा थर काढणे) यांत सावळ्या त्वचेला भाजण्याचा व नंतर काळे डाग राहण्याचा धोका गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त असतो; उन्हाने नुकत्याच रापलेल्या चेहऱ्यावर तर लेझर नकोच. पूर्वी ओठांवर हर्पीस विषाणूचे फोड उठले असतील, तर ते खोल पीलनंतर किंवा लेझरनंतर उफाळू शकतात, म्हणून आधी विचारावे आणि गरज असल्यास विषाणूरोधक औषध सुरू करावे. सुया टोचून स्वतःच्याच रक्तातील प्लेटलेट चेहऱ्यात देण्याच्या उपचाराला अनेक जण निर्धोक मानतात; पण अमेरिकेतील न्यू मेक्सिकोच्या एका विनापरवाना स्पामध्ये त्यातूनच एचआयव्हीचा संसर्ग झाल्याचे तेथील रोगनियंत्रण केंद्राने २०२४ मध्ये नोंदवले आहे.

नकार देण्याचीही सवय लावून घे. दोन दिवसांवर समारंभ आलेला रुग्ण, दुसऱ्याच्या आग्रहावरून आलेला रुग्ण, आणि इतरांना न दिसणाऱ्या व्यंगाने दिवसरात्र झुरणारा रुग्ण, यांच्यावर त्या दिवशी उपचार करू नयेत. शेवटच्याला तर मानसोपचारतज्ज्ञाची गरज असते. उत्पन्न बुडते, हे खरे आहे. ते बुडू द्यावे.

तुझ्या केंद्रात हायलुरोनिडेजच्या किती कुप्या आहेत, त्यांची मुदत कधी संपते आणि रात्री-अपरात्री फोन उचलणारे नेत्रतज्ज्ञ कोण, हे पुढच्या पत्रात कळव. त्यानंतर नाकाच्या फिलरविषयी लिहीन.

तुझा शुभचिंतक