त्सुनामी लाटा : द्विरुक्ती की गरज?

जिंतूरकडच्या एका शाळेत भूगोल शिकवणाऱ्या सरांचा प्रश्न असा : "बातम्यांत 'त्सुनामी लाटा' असं असतं. जपानीत 'नामी' म्हणजेच लाट, मग ही द्विरुक्ती झाली की नाही? काही जण 'सुनामी' लिहितात, बरोबर कोणतं? आणि आमच्या वर्गात समुद्र पाहिलेली पोरं एक-दोनच. लाट म्हटलं की त्यांना उन्हाची लाट आठवते. त्यांना सरळ 'महाकाय लाट' असा मराठी शब्द दिला तर चालेल का?"

उच्चाराचं आधी उरकतो. मूळ जपानी शब्द 'त्स'नं सुरू होतो आणि हा ध्वनी मराठी तोंडाला मुळीच परका नाही. 'चूल', 'चुलता', 'चुना' यांतला 'च' आपण 'चिंचे'तल्या 'च'सारखा म्हणत नाही, जीभ दातांमागं टेकवून म्हणतो. तोच हा. 'चुना' म्हणा आणि पुढं 'मी' जोडा, झाला जपानी उच्चार! आपल्या लिपीत या 'च'ला वेगळी खूण नाही, म्हणून 'त्सु' लिहायचं. हिंदीत हा 'च' नाही, तिथं 'सुनामी' रुळलं. आपल्याला जमतंय तर आपण 'त्सुनामी'च लिहावं. लिंग अर्थातच स्त्रीलिंग, ती त्सुनामी.

द्विरुक्ती आहेच. 'त्सु' म्हणजे बंदर, 'नामी' म्हणजे लाट. पण 'पावरोटी'त तरी काय आहे? 'पाव' हा पोर्तुगिजांकडून आलेला शब्द, त्याचा अर्थ रोटीच. परका शब्द घरात आला की त्याची फोड कानाला जाणवेनाशी होते. शिवाय इथं व्याकरणाची नड आहे. नदीच्या नद्या होतात, त्सुनामीच्या 'त्सुनाम्या' करायला कुणाची जीभ धजत नाही. आणि अनेकवचन तर लागतंच, कारण ती एकच लाट कधी नसते. दहा-वीस मिनिटांनी, कधी तासाभरानं पुढची येते आणि पहिलीच सर्वांत मोठी असेल असं नाही. २६ डिसेंबर २००४ रोजी श्रीलंकेत पेरालिया गावाजवळ पहिल्या लाटेनं एक रेल्वेगाडी थांबली. आसपासचे लोक आसरा म्हणून त्या गाडीत चढले. पुढची लाट याहून मोठी होती. गाडीत हजाराहून जास्त माणसं गेली. तेव्हा 'त्सुनामी लाटा' खुशाल लिहा. त्यातलं अनेकवचन महत्त्वाचं आहे.

'महाकाय लाट' मात्र नको. कारण ज्या खोल समुद्रात ती जन्मते तिथं ती महाकाय नसतेच. तिथं तिची उंची बहुधा मीटरभराच्या आतच. २००४ साली भूकंपानंतर सुमारे दोन तासांनी एका उपग्रहानं हिंदी महासागरावरून जाताना ती मोजली, तर भरली साधारण ६० सेंटिमीटर. बोटीवरच्या माणसाला कळतही नाही. पण लांबी बघा, एका माथ्यापासून दुसऱ्या माथ्यापर्यंत शंभर-दोनशे किलोमीटर! वाऱ्यानं उठणारी लाट पाण्याचा वरचा थर हलवते. त्सुनामीत तळापासून वरपर्यंतचं सगळं पाणी हलतं, कारण धक्का तळानं दिलेला असतो. तिचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो. चार हजार मीटर खोलीत ताशी सुमारे ७०० किलोमीटर, दहा मीटर खोलीत जेमतेम ३५. किनाऱ्याजवळ पुढचं पाणी मंदावतं, मागचं अजून वेगात असतं, मग ते एकमेकांवर चढतं. उंची तिथं येते.

आणि तिथंही चित्रातल्यासारखी कमान करून कोसळणारी लाट बहुतेक वेळा नसतेच. जायकवाडीचे दरवाजे उघडल्यावर गोदाकाठी पाणी कसं येतं ते तुमच्या पोरांना ठाऊक असेल. येतं आणि येतच राहतं. म्हणून मराठी शब्द हवाच असेल तर 'लाटे'पेक्षा 'लोंढा' जवळचा. फरक इतकाच की हा लोंढा परतही जातो, आणि परत जाताना माणसं, जनावरं, भिंती समुद्रात ओढून नेतो.

भूकंप मराठवाड्यातल्या पोरांना वेगळा समजवावा लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचं किल्लारी-सास्तूर त्यांनी घरी ऐकलेलं असतं. तो धक्का ६.२ रिश्टरच्या आसपासचा. २००४ चा, इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटाजवळचा, ९.१ चा, म्हणजे ऊर्जेच्या हिशेबानं वीस हजार पटींहून मोठा, आणि समुद्राखाली. तळ हजारभर किलोमीटर लांबीत वर-खाली सरकला. चौदा देशांत मिळून सुमारे सव्वादोन लाख माणसं गेली. निम्म्याहून जास्त एकट्या इंडोनेशियातली, जिथं पाणी वीसेक मिनिटांत पोचलं. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर ते यायला दोन तासांहून जास्त लागले, तरी नागपट्टिणम जिल्ह्यात सहा हजारांवर लोक मेले. दोन तास हाताशी होते, पण सांगणारं कुणी नव्हतं. तेव्हा हिंदी महासागरात इशारा यंत्रणाच नव्हती. पुढं २००७ साली आपलं केंद्र सुरू झालं ते हैदराबादेत. समुद्रापासून इतक्या दूर, म्हणजे जवळजवळ आपल्याच शेजारात.

आता 'बंदर' कुठून आलं? या शब्दाची फोड मला सगळ्यांत अचूक वाटते. जपानच्या सानरिकू किनाऱ्यावर १५ जून १८९६ च्या संध्याकाळी त्सुनामी आली आणि सुमारे २२ हजार लोक गेले. खोल समुद्रात मासेमारीला गेलेल्यांना बोटीखालून काय गेलं त्याचा पत्ताच नव्हता. ते परतले तेव्हा बंदरात घरांची लाकडं आणि प्रेतं तरंगत होती. समुद्रावरच्या माणसाला जी दिसलीच नाही आणि बंदरात जिनं कुणाला सोडलं नाही, तिला 'बंदरातली लाट' नाही तर काय म्हणणार? २००४ मध्येही नागपट्टिणमकडं पुरुषांपेक्षा बाया जास्त मेल्या. काही नवरे खोल पाण्यात होते, ते वाचले. बाया किनाऱ्यावर होत्या, मासळीची वाट बघत, लेकरं कडेवर घेऊन.

सुमात्राजवळच्या सिमेउलुए बेटावर या प्रकाराला स्वतःचा शब्द आहे : 'स्मोंग'. १९०७ साली तिथं त्सुनामीनं पुष्कळ माणसं नेली आणि तेव्हापासून आजी-आजोबांच्या गोष्टींत, अंगाईत हा शब्द राहिला. जमीन जोरात हादरली, पाणी मागं हटलं, की 'स्मोंग' ओरडायचं आणि डोंगर गाठायचा. भूकंपाचं केंद्र अगदी जवळ असूनही २००४ साली सुमारे ७८ हजार वस्तीच्या त्या बेटावर सात माणसं दगावली. आपल्याकडं असा शब्द घडायला कारणच नव्हतं, तेव्हा जपानी शब्द वापरण्यात काही कमीपणा नाही.

तर सर, फळ्यावर 'त्सुनामी' लिहा. खाली व्याख्येत 'समुद्रतळ अचानक हलल्यामुळं किनाऱ्यावर एकामागून एक येणारे पाण्याचे लोंढे' असं काहीतरी असू द्या. दरडी कोसळून किंवा ज्वालामुखीनंही ती येते, १८८३ चं इंडोनेशियातल्या क्राकाटोआ ज्वालामुखीचं त्यातलंच, ते तोंडी सांगा. 'भरतीची लाट' हे काही जुन्या लिखाणात सापडतं, ते तेवढं खोडा. भरती चंद्र-सूर्याच्या ओढीनं येते, तिचा इथं संबंध नाही.