साडेतीन वर्षांची मुलगी चित्रात माणसाला पोटच काढत नाही, वर सगळं काळ्या रंगाने, काळजी करू का?

ताई, पोटाचं टेन्शन अजिबात घेऊ नका. मी परळला बालवाडीत शिकवते, आमच्याकडे या वयाची कितीतरी पोरं असंच काढतात, एक मोठा गोल, त्यात डोळे, आणि गोलातूनच थेट हातपाय. जगभर तीन-चार वर्षांची मुलं हेच करतात. गंमत म्हणजे त्याच चित्रात बेंबी कुठाय विचारलं तर काहीजण दोन पायांच्या मधोमध टिंब देतात, म्हणजे पोट माहितीय की त्यांना, वेगळं काढावंसं वाटत नाही इतकंच.

लुके नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने १९२७ सालीच लिहून ठेवलंय की मुलं जरा मोठी झाली की दिसतं ते नाही, माहीत असतं ते काढतात. तुमची अजून थोडी मोठी झाली की बघा, लोकल काढेल तर पत्र्यातून आतली सगळी माणसं दिसतील (आणि सगळ्यांना बसायला जागा, ते मात्र कुठून माहीत होतं देव जाणे).

काळा रंग म्हणजे मूल दुःखी वगैरे रील्स सोडून द्या. हाताला लागला तो खडू, किंवा पांढऱ्यावर काळा उठून दिसतो म्हणून. माणूस काढायला सांगून मार्क द्यायची टेस्ट आहे, गुडइनफ बाईंची १९२६ ची, आपल्याकडे बडोद्याच्या प्रमिला फाटकांनी ती भारतीय मुलांसाठी बसवली, पण नुसत्या त्या एका चित्रावरून कोणी हुशारी ठरवत असेल तर ऐकू नका.

मी तर कागदापेक्षा हात जास्त बघते, खडू मुठीत धरलाय की बोटांत, सगळा हात खांद्यापासून फिरतोय की मनगट वळतंय, गोल बंद होतोय का. गोल साधारण तीनला जमतो, अधिकचं चिन्ह चारच्या आसपास, चौकोन त्यानंतर, त्रिकोण पाचच्या पुढेमागे, थोडं इकडेतिकडे चालतं. आधी जमत होतं ते बंद पडलं, किंवा खडूसोबत चमचा, बटणं, बोलणं यातही मागे वाटली तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा, चित्रं सोबत न्या.

आणि 'हे काय काढलंयस?' नको, 'इथे काय चाललंय सांग ना' म्हणा, बोलेल ते मागे तारीख टाकून लिहा. पोट काढायला शिकवू तर नकाच, दोन दिवस तुमच्यासाठी काढेल आणि परत आपलं डोकं-पाय सुरू.